मुंबई-पुणें प्रवास : वाहन कोणतें निवडावें ?

मुंबईहून पुण्यास किंवा पुण्याहून मुंबईस वर्षांतून चारदोन वेळां तरी कोणी ना कोणी जात नाहीं, असें सुशिक्षित महाराष्ट्रीय घर आज विरळाच. मुलगा एका शहरीं नोकरीस, लेक दुसऱ्या शहरीं दिलेली, आजोबांचे नेत्रवैद्य एकीकडे तर वडिलोपार्जित बिऱ्हाड दुसरीकडे, अशी कुटुंबांची वांटणी झाल्यामुळें या प्रवासास आतां कोणी प्रवास म्हणून गणीतही नाहीं. 'जरा पुण्यास जाऊन येतों,' असें म्हणून माणूस पायांत वहाणा सरकवितो आणि निघतो. परंतु घरांतील चारसहा माणसांनीं मिळून जावयाचें ठरलें, कीं पहिला प्रश्न निघतो तो हाच : 'लवकर कशानें पोंचूं ?' हा प्रश्न अयोग्य आहे असें नाहीं. मात्र तो पहिला असूं नये, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

दान देतांना देश, काल व पात्र हीं तीन पाहावीं, असें आपल्याकडे सांगितलें आहे. माझ्या मतें वाहन निवडतांनाही हींच तीन पाहावीं. देश म्हणजे वाटेंतील घाट आणि आपणांस जेथें उतरावयाचें तें ठिकाण. काल म्हणजे ऋतु, वार व घटका. आणि पात्र म्हणजे जावयाचें माणूस. आम्ही पहिल्या दोहोंचा थोडाबहुत विचार करितों. तिसऱ्याचा विचार बहुधां राहून जातो. त्याचा परिणाम कोणास भोगावा लागतो, तें पुढें येईलच.

घाटाची कथा

मुंबई समुद्रकांठीं आणि पुणें साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर. मध्यें सह्याद्रि आडवा. या दोन शहरांतील अंतर कोणत्याही काळीं फारसें नव्हतें; अडचण होती ती एका चढाची. १८३० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, बोरघाटांतून चाकांच्या गाड्या जाऊं शकतील असा रस्ता खुला झाला. त्याच वेळचा घाटांतील एक दगडी पूल पुढें मलमाच्या जाहिरातीमुळें 'अमृतांजन पूल' या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि कित्येक पिढ्यांतील मुलांनीं तो दिसतांच 'घाट आला' म्हणून टाळ्या पिटल्या. २०२० सालच्या एप्रिलांत, टाळेबंदीमुळें रस्ते ओस पडले असतां, तो पाडण्यांत आला.

आगगाडीची कथा याहून मनोरंजक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी उतारूंची पहिली गाडी धांवली, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. १८५६ सालीं रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले, आणि १८५८ सालीं घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणें हा भागही सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच राहिला. त्यामुळें पांच वर्षें मोठी चमत्कारिक स्थिति होती. उतारूनें खोपोलीस गाडींतून उतरावें, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसावें ! ज्याच्या अंगांत बळ किंवा कनवटीस पैसा, त्यानेंच हा उपद्व्याप करावा.

घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ त सुरू होऊन १८६३ त पुरें झालें. जेम्स बर्कली हे त्याचे मुख्य अभियंते. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार १८५९ सालीं येथें येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट न सोडतां आपल्या हातीं ठेवून काम पुरें करविलें. पंचवीस बोगदे खोदावे लागले. पटकी, ताप व अपघात यांनीं हजारों मजूर दगावले. आज खिडकींतून धबधबे पाहतांना त्या मजुरांचें स्मरण कोणास होत नाहीं, तें होणें उचित आहे.

चढ सदतीस फुटांस एक फूट इतका उभा असल्यामुळें आरंभीं गाडी एका दमांत वर जात नसे. अर्ध्या घाटांत ती एका टोंकास थांबवीत, इंजिन काढून दुसऱ्या बाजूस लावीत, आणि उलट दिशेनें पुढचा चढ चढवीत. माझे आजोबा ही कसरत लहानपणीं पाहिल्याचें सांगत. तेवढ्या वेळांत खालीं उतरून पाय मोकळे करणारे उतारूही असत म्हणे. १९२९ सालीं मार्गाची आंखणी बदलली, पुण्यापर्यंत विजेचीं इंजिनें आलीं, आणि ती उलटसुलट ये-जा संपली. लगेच १ जून १९३० पासून 'डेक्कन क्वीन' म्हणजे दख्खनची राणी सुरू झाली. ही राणी प्रथम नांवाप्रमाणेंच वागे. तींत फक्त वरचे दोन वर्ग असत. सामान्य माणसाचा तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो १९५५ सालीं.

हा इतिहास विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, यांतील प्रत्येक सुधारणेनें केवळ वेळ वांचला नाहीं. जो माणूस पूर्वीं 'मला नाहीं झेपावयाचें' म्हणून घरीं राहत असे, तो तिच्यामुळें प्रवासास निघूं लागला. पालखीच्या काळीं वृद्ध विधवेनें मुंबईच्या लेकीकडे जाणें ही दुर्मिळ गोष्ट. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत ती नित्याची झाली. सुधारणेची खरी कसोटी ही. आजचीं वाहनें याच कसोटीस लावून पाहूं.

आजचीं साधनें

पहिली अर्थात् आगगाडी. मुंबई ते पुणें लोहमार्गानें १९२ किलोमीटर. जलद गाड्या हें अंतर सव्वातीन ते चार तासांत तोडतात. डेक्कन क्वीन सकाळीं सव्वासाताच्या सुमारास पुणें सोडून साडेदहाच्या आंत मुंबईस पोंचते व सायंकाळीं परत निघते. तिच्याखेरीज सिंहगड, प्रगति, इंटरसिटी, इंद्रायणी, डेक्कन एक्सप्रेस अशा दिवसाच्या गाड्या आहेत. २०२३ सालापासून सोलापुरास जाणारी वंदे भारतही पुण्यावरून जाते. कर्जतीस मागून ढकलणारीं इंजिनें जोडतात, तेवढ्यांत बटाटेवडे विकणाऱ्यांची धांदल उडते, आणि मग जड पावलांनीं गाडी घाट चढूं लागते. २०२१ सालीं या मार्गावरील कांहीं गाड्यांस काचेच्या छताचा डबा जोडला गेला. पावसाळ्यांत नातवंडांस घेऊन त्यांतून एकदां तरी जावें. भूगोलाचा पाठ त्यांच्या मनांत कायमचा ठसेल.

आगगाडीचा सर्वांत मोठा गुण वेग नव्हे, मोकळेपणा. उठून चार पावलें टाकतां येतात, पाय पसरतां येतात, आणि डब्यांत शौचकूप असतो. हा शेवटचा मुद्दा लिहिण्यास संकोच वाटण्यासारखा असला, तरी वृद्धांच्या व लहान मुलांच्या दृष्टीनें तोच निर्णायक आहे. दोष म्हणाल तर गर्दी, जागा आधीं राखून ठेवण्याची यातायात, आणि स्टेशनांतील जिने. शिवाय ज्येष्ठांस पूर्वीं मिळणारी भाड्यांतील सवलत रेल्वेनें २०२० सालच्या मार्चमध्यें बंद केली, तीही अनेक घरांस जाणवली.

दुसरें साधन एस. टी. या सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते नगर अशी धांवली. मुंबई-पुणें मार्गावर ज्या गाडीचें नांव घरोघर झालें ती 'एशियाड'. १९८२ च्या दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांवरून हें नांव पडलें, आणि दादरच्या त्या थांब्यासही तेंच चिकटलें. पुढें वातानुकूलित 'शिवनेरी' आली, आणि अलीकडे विजेवर चालणारी 'ई-शिवनेरी'. एस. टी.नें ज्येष्ठांचा विचार केला आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या उतारूंस अर्धें भाडें, २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढील उतारूंस मोफत प्रवास, आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस अर्ध्या भाड्याची सवलत, अशी योजना शासनानें लागू केली. मात्र वयाचा दाखला देणारें ओळखपत्र जवळ असावें. बसचा लाभ विशेषतः त्यांस, ज्यांचें बिऱ्हाड लोहमार्गापासून दूर आहे. बोरिवली किंवा अंधेरीहून कोथरूड वा वाकड येथें जाणाऱ्यानें प्रथम दादर गांठून, मग पुणें स्टेशनावर उतरून, पुन्हां रिक्षा शोधण्यांत अर्थ नाहीं. याउलट ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांतील माणसास आगगाडीच जवळची.

तिसरें साधन घरची मोटार. कळंबोली ते किवळे हा सुमारें ९५ किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. सहा पदरांचा, फक्त मोटारवाहनांसाठीं राखलेला असा हा देशांतील पहिलाच. दुचाकी, रिक्षा, बैलगाडी यांस तेथें मज्जाव आहे. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून खाडी ओलांडणारा अटल सेतु खुला झाल्यापासून दक्षिण मुंबईकरांचा फेराही वांचला. दारांतून निघून दारांत उतरावें, सामान उचलावें लागूं नये, तान्ह्या मुलाचें सर्व साहित्य हाताशीं असावें, हे मोटारीचे लाभ खरेच. रस्ता मोकळा असेल तर तीन तासांत पोंचतां येतें.

पण 'असेल तर' या दोन शब्दांत सर्व मेख आहे. घाटांत कांहीं अंतर हा मार्ग व जुना महामार्ग एकत्र येतात. जड मालवाहू वाहनें तेथें मंदावतात. आणि शनिवारीं सकाळीं, जोडून आलेल्या सुट्यांत किंवा एखादें वाहन उलटल्यास वाहनांची रांग कोसच्या कोस लांबते. हा गळा मोकळा व्हावा म्हणून खोपोली ते कुसगांव असा बोगद्यांचा व उंच पुलाचा मार्ग बांधण्याचें काम २०१९ सालीं हातीं घेण्यांत आलें. तें असो, कोंडींत सांपडलेल्या मोटारीस बाजूस वळण्याची सोय नसते, हें लक्षांत ठेवावें. दुसरें असें कीं, चालविणारा बहुधां घरांतीलच तरुण असतो. दिवसभर कचेरी करून रात्रीं नऊला निघावयाचें व मध्यरात्रीं पोंचावयाचें, हा बेत कितीही सोईचा दिसला तरी तो घरच्या वडील मंडळींनीं मोडून काढावा. सरळ, एकसुरी रस्त्यावर झोंपेची डुलकी क्षणांत येते.

चौथें साधन भाड्याची किंवा भागीची मोटार. एकट्यानें, अवेळीं आणि सामानासह जाणाऱ्यास ती बरी. परदेशांतून मध्यरात्रीं मुंबईच्या विमानतळावर उतरणारी मुलेंसुना बहुधां याच मार्गानें पुण्यास येतात. २०२५ सालीं नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळें कांहींची वाट तरी थोडी आंखूड झाली. विमानानें मुंबई-पुणें हा विचार मात्र सोडून द्यावा. उड्डाण थोडक्यांत आटोपलें, तरी विमानतळावर जाणें, थांबणें व तेथून निघणें यांतच आगगाडीचा वेळ सरतो.

पात्र विचार

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. आमच्या आप्तांत एक काकू आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, पुण्यास मोठ्या मुलाकडे असतात. डोंबिवलीस धाकट्या मुलाच्या मुलाची मुंज ठरली. सर्वांनीं मोटारीनें जावें असा बेत झाला. काकू म्हणाल्या, 'तुम्ही जाऊन या. माझे गुडघे दुखतात.' मुलानें समजूत घातली, 'आई, अगं तीन तासांचा तर प्रश्न. तूं पुढें बस, ऐसपैस.' त्या कांहीं ऐकेनात. घरांत थोडी नाराजीही झाली; नातवाच्या मुंजीस आजी नाहीं म्हणजे काय !

खरें कारण थोरल्या सुनेनें शोधून काढलें. आधींच्या वर्षीं मोटारीनें येतांना घाटांत अडीच तास कोंडी झाली होती. तेव्हांपासून काकूंनीं नियमच केला होता : प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी वर्ज्य. 'काकू' असें मी म्हणतों; पण हा नियम पाळणाऱ्या स्त्रिया घरोघर आहेत. त्या बोलत नाहींत. सकाळचा चहा 'नको ग, आतां निघावयाचें आहे' म्हणून परत करितात, वाटेंतील उपाहारगृहाशीं मुलगा 'उतरायचं का?' असें विचारतो तेव्हां 'नको, उशीर होईल' म्हणतात, आणि पोंचल्यावर डोकें धरून बसतात. उतारवयांत शरीरांतील पाणी कमी होणें हें साधें दुखणें नव्हे. भोंवळ येते, रक्तदाब उतरतो, मूत्रमार्गाचे विकार बळावतात, आणि रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या मुळांतच लघवी वाढविणाऱ्या असल्यामुळें त्या दिवशीं गोळीही टाळली जाते. म्हणजे घरच्या माणसांनीं वांचविलेला एक तास वृद्धेच्या प्रकृतींतून वसूल होतो.

सुनेनें गाजावाजा केला नाहीं. तिनें नवऱ्यास एवढेंच म्हटलें, 'तुम्ही सामान व मुलें घेऊन मोटारीनें पुढें व्हा. मी आईंना घेऊन आगगाडीनें येतें.' दोघींच्या जागा आधींच राखल्या, चाकांच्या खुर्चीची विनंती केली, आणि कल्याणास उतरून घेण्यास धाकटा दीर आला. कर्जतीस काकूंनीं चहा घेतला. बटाटावडाही अर्धा खाल्ला. वेळ मोटारीपेक्षां पाऊण तास अधिक लागला. मुंजींत मातृभोजनाच्या वेळीं त्या बटूजवळ बसल्या होत्या, आणि सायंकाळपर्यंत त्यांच्या तोंडावर शीण दिसला नाहीं. हा पाऊण तास खर्चीं पडला कीं कमाईंत, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा.

माझा नियम यावरून असा बनला आहे : घोळक्यांतील जें माणूस सर्वांत दुबळें, त्याच्या सोयीनें वाहन ठरवावें; बाकीच्यांनीं त्याच्या मागून जावें. तें माणूस कधीं आजी असेल, कधीं सहा महिन्यांचें मूल, कधीं शस्त्रक्रिया होऊन घरीं परतणारे गृहस्थ. प्रत्येकाचें उत्तर निराळें येईल. तान्ह्या मुलास मोटार बरी, आजीस आगगाडी बरी. ज्यांस वैद्यांनीं हालचाल करूं नये म्हणून सांगितलें त्यांस आडवें होतां येईल अशी गाडी, आणि एकट्या जाणाऱ्या कॉलेजांतील मुलीस दिवसाउजेडीं सुटणारी व पोंचणारी आगगाडी किंवा एस. टी. सर्वांनीं एकाच वाहनांत कोंबून जाण्यांत एकी आहे, असा समज सोडून द्यावा. एकत्र कुटुंबाचें एकत्रपण पोंचल्यावर दिसावें. वाटेंत तें दोन वाहनांत वांटलें गेलें तरी बिघडत नाहीं.

कांहीं व्यावहारिक सूचना

पावसाळ्यांत घाटावर भरंवसा ठेवूं नये. दरडी रुळांवरही येतात व रस्त्यावरही; २०१५ च्या जुलैंत आडोशी बोगद्याजवळ द्रुतगति मार्गावर दरड कोसळून प्राणहानि झाली होती. जुलै-ऑगस्टांत मुहूर्ताचें कार्य किंवा वैद्यांची ठरलेली भेट असेल, तर आदल्या दिवशीं पोंचावें. गाडी सुटण्याची खात्री निघण्यापूर्वीं १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर करून घ्यावी.

वृद्धांस स्टेशनावर निदान अर्धा तास आधीं न्यावें. धांवपळीनेंच अर्धे अपघात होतात. उद्वाहन कोणत्या फलाटास आहे, तें आधीं विचारावें. मोटारीनें जावयाचें असल्यास थांबण्याचें ठिकाण निघतांनाच ठरवावें, आणि 'उतरायचं का ?' असें न विचारतां सर्वांनींच उतरावें. विचारल्यानें माणूस संकोचतो. सर्व उतरले म्हणजे तोही उतरतो.

औषधें, पाण्याची बाटली व ओळखपत्र हीं हातांतील पिशवींत असावीं, मोठ्या पेटींत नव्हे. परतीचा बेत जातांनाच ठरवावा. रविवारीं सायंकाळीं सर्व मुंबई एकदम घरीं निघते, तेव्हां दुपारीं जेवून लगेच निघणें किंवा सोमवारीं सकाळची गाडी धरणें श्रेयस्कर.

एकशें साठ वर्षांपूर्वीं ज्यांनीं डोंगर फोडून ही वाट केली, त्यांनीं ती धडधाकट माणसासाठीं केली नाहीं. धडधाकट माणूस तट्टावरून जातच होता. वाट झाली ती ज्यास तट्टावर बसवत नव्हतें, त्याच्यासाठीं. तेव्हां पुढच्या खेपेस घरांत प्रवासाचा बेत निघेल, त्या वेळीं घड्याळाकडे पाहण्यापूर्वीं, कोपऱ्यांत बसून 'तुम्ही जाऊन या' म्हणणाऱ्या माणसाकडे एकदां पाहावें, व त्या 'नाहीं'चें कारण शांतपणें विचारून घ्यावें. वाहनाचा निर्णय त्यानंतर फारसा कठीण उरत नाहीं.